रेस्क्यू केलेल्या कुत्र्याचा विश्वास कसा मिळवायचा

रेस्क्यू केलेला कुत्रा पहिल्या दिवशी पुष्कळदा फार गुणी वाटतो. कोपऱ्यात बसून राहतो, भुंकत नाही, उचललं तरी हूं की चूं करत नाही. घरातले खूश होतात आणि त्याला कुरवाळायला रांग लावतात. पण तो शांत नसतो, भीतीनं गोठलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी थोडा सैलावल्यावर हाच कुत्रा गुरगुरतो, तेव्हा सगळ्यांना वाटतं की तो बिघडला. खरं म्हणजे तोवर त्याला बोलायची हिंमत आलेली असते.

पुढच्या सगळ्या कृतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कुत्र्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे आणि त्याचं ‘नको’ तुम्ही मानलं पाहिजे. ज्या माणसापासून दूर जाता येतं, त्याच माणसाजवळ कुत्रा आपणहून येतो.

तो येण्याआधी

त्याच्यासाठी दोन बाजूंना भिंत असलेला कोपरा निवडा. मुख्य दरवाजा, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि येण्याजाण्याची वाट या सगळ्यांपासून तो लांब हवा. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, ठेवणार असाल तर त्यावर तीन बाजूंनी चादर टाका आणि दार उघडंच ठेवा. दार लावून कोंडलेला कुत्रा क्रेटलाच घाबरायला लागतो आणि मग ती भीती घालवण्यात महिने जातात. तुमचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट अंथरुणात टाका. तुमच्या वासाची ओळख तुम्ही जवळ नसतानाही होत राहते.

फरशी गुळगुळीत असेल तर अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत पायपुसणी किंवा रबरी चटया टाका. अनेक कुत्री अशा फरशीवर कधी चाललेलीच नसतात. एकदा पाय घसरला की ती पूर्ण खोलीच टाळतात आणि घरच्यांना कारण कळत नाही.

सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा. नवखा कुत्रा सुटला तर हाकेला परत येत नाही, कारण त्याला ना तुमची हाक ओळखीची असते ना घर. म्हणून फोन नंबरचा बिल्ला तो घरात पाऊल टाकण्याआधीच गळ्यात हवा. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर नोंदणी लगेच आपल्या नावावर करून घ्या. बाहेर नेताना गळपट्टा आणि छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस, दोन्ही घाला आणि पट्टा दोन्हींना अडकवा. हार्नेसखाली दोन बोटं सरकतील इतकीच ढील ठेवा. घाबरलेला कुत्रा पुष्कळदा पुढे पळत नाही, उलटा मागे सरकतो आणि सैल हार्नेसमधून डोकं काढून घेतो. घरातही मुख्य दार उघडण्याआधी मधलं दार किंवा जाळी लावायची सवय प्रत्येकानं लावून घ्यावी.

पहिले तीन दिवस

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगितला जातो. तीन दिवस बावरलेपण, तीन आठवड्यांत दिनक्रम अंगवळणी पडणं आणि तीन महिन्यांत घर आपलं वाटणं. हा ठोकताळाच आहे, वेळापत्रक नव्हे. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना माणसांची ओळख झालीच नसेल, तर त्या कुत्र्याला वर्षही लागू शकतं. काही कुत्री अनोळखी माणसांबाबत कायम सावध राहतात. तो दोष नाही, त्याचाही मान ठेवावा.

या दिवसांत पाहुणे नकोत, वैद्यकीय गरज नसेल तर आंघोळ नको, गर्दीत फेरफटका नको. तपासणीसाठी डॉक्टरकडे मात्र लवकर न्या. लस, जंत, गोचीड हे तर पाहायचंच, पण दात, कान आणि सांधेही नीट तपासायला सांगा. दुखणाऱ्या जागी हात लागला म्हणून चावणारा कुत्रा रागीट समजला जातो.

खाणं आधी जिथे होता तिथलंच चालू ठेवा. बदलायचं असेल तर ७ ते १० दिवसांत हळूहळू बदला: आधी पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब होतात आणि त्या त्रासात कुत्रा आणखी लपतो. उपासमार झालेल्या कुत्र्याला दया येऊन पोटभर वाढू नका. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक खूप अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं घसरतं आणि जीव जाऊ शकतो. किती आणि किती वेळा द्यायचं हे डॉक्टरनंच ठरवावं. पहिल्या दिवशी मोठा कुत्रा जेवला नाही तर इतकं घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशीही जेवला नाही किंवा उलट्या सुरू झाल्या, तर दवाखाना गाठा. पिल्लासाठी इतकंही थांबू नका.

तुम्ही काय करायचं? साधारण दोन मीटर लांब, त्याच्याकडे बाजू करून जमिनीवर बसायचं. १५-२० मिनिटं पुस्तक वाचायचं आणि उठून जायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. हाक नाही, हात पुढे करणं नाही, डोळ्यांत पाहणं नाही. कुत्रा आणि माणूस एकमेकांकडे पाहतात तेव्हा दोघांतही ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, हे जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, पण तो अभ्यास आधीच जीव लागलेल्या जोड्यांचा होता. अनोळखी माणसाची रोखलेली नजर कुत्र्याला धमकीच वाटते.

तो काय सांगतोय

गुरगुरणं हा कुत्र्याचा पहिला नकार नसतो. त्याआधी तो बरंच काही सांगून झालेला असतो. समोर खाणं नसताना जिभेनं नाक किंवा ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान फिरवणं, एक पुढचा पाय उचलून धरणं, कान मागे चिकटवणं, शेपूट पायांत घेणं. डोकं एकीकडे आणि नजर दुसरीकडे, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं. यातलं काहीही दिसलं की जे करत असाल ते थांबवा आणि एक-दोन पावलं मागे जा. तुम्ही मागे गेलात की त्याला कळतं, हळू बोललेलंही इथे ऐकू जातं.

सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे अंग एकदम ताठ होणं. खाताखाता किंवा हात लावताना तो क्षणभर पुतळा झाला, तर पुढची पायरी चावा असू शकते.

गुरगुरल्याबद्दल कधीही रागावू नका. ओरडून गुरगुरणं बंद करता येतं, भीती बंद करता येत नाही. मग तो न सांगता चावायला शिकतो. पाठीवर लोळून पोट दाखवणंही फसवं आहे. अंग सैल, तोंड उघडं, शेपूट मोकळी हलते तेव्हा ते लाड असतात. ओठ मिटलेले, पाय आखडलेले, शेपूट पोटाला चिकटलेली असेल तर तो ‘मला काही करू नका’ म्हणतोय.

खाऊ मागे टाका

भित्र्या कुत्र्याला हातावर खाऊ धरून जवळ बोलावणं हा सगळेच देतात तो सल्ला, आणि तिथेच गाडी अडते. भूक पुढे ओढते, भीती मागे ओढते. तो मान ताणून, मागचे पाय पळण्याच्या तयारीत ठेवून खाऊ उचलतो. खाऊ संपल्यावर अचानक लक्षात येतं की आपण त्या माणसाच्या फार जवळ आलोय, आणि दचकून तो पळतो किंवा झडप घालतो.

त्याऐवजी असं करा. वाटाण्याएवढे २०-३० तुकडे घ्या, शक्यतो ओलसर आणि वासाचे. बाजू करून बसा. पहिला तुकडा तुमच्या आणि त्याच्या मधोमध टाका. तो खाऊन झाला की दुसरा त्याच्या मागे, एक-दीड मीटरवर टाका. तो वळून तिकडे जातो, म्हणजे तुमच्यापासून लांब जातो आणि सुटकेचा श्वास घेतो. खाऊन तो पुन्हा तुमच्याकडे वळला की पुढचा तुकडा पुन्हा मध्ये. आता जवळ यायचं की नाही हे तोच ठरवतो, आणि दूर जाण्याचंही बक्षीस मिळतं. पाच मिनिटांत थांबवा. काही दिवसांत मधला तुकडा तुमच्या अधिकाधिक जवळ टाकता येतो. तो खायचा थांबला तर अंतर फार कमी झालंय, मागच्या दिवसाच्या अंतरावर परत जा. वरखाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. जास्त लागत असेल तर रोजच्या जेवणातूनच काढा.

हात कधी लावायचा

तो स्वतःहून येऊन टेकला किंवा नाकानं हात ढकलला, तेव्हाच. छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो पुढे सरकला, हाताखाली आला, तर पुन्हा तीन सेकंद. नुसता उभा राहिला, मान फिरवली, अंग झटकलं, तर आज इतकंच. डोक्यावरून हात आणणं, वरून वाकणं, मिठी मारणं पूर्ण टाळा. लहान मुलांना एक पक्का नियम घालून द्या: कुत्रा आपल्याकडे येईल, आपण त्याच्या अंथरुणाकडे जायचं नाही. आणि मोठं माणूस शेजारी नसेल तर दोघांना एका खोलीत ठेवायचंच नाही.

सिनेमातलं जनावर, आणि सिनेमाचा आवाज

विज्ञानपटांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. परग्रहावरचं बिथरलेलं जनावर, नायक समोरून चालत येतो, डोळ्यांत पाहतो, कपाळावर हात ठेवतो आणि जनावर विरघळतं. भेदरलेल्या प्राण्यांबरोबर काम करणाऱ्याची इथे फार निराशा होते. समोरून येणं, रोखून पाहणं, डोक्यावर हात आणणं, या तिन्ही गोष्टी कुत्र्याला चावायला भाग पाडू शकतात. जिथे अख्खं जग नव्यानं रचायची मुभा होती तिथेही विश्वास एका मिनिटात उरकला जातो आणि लोक घरी तेच करून पाहतात.

दुसरी अडचण आवाजाची. निर्वात पोकळीत आवाज जातच नाही, तरी पडद्यावरची यानं गडगडतात आणि स्फोट घर हलवतात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. त्यात सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, आवाज फरशीतून थेट पंजांना जाणवतो. पहिले काही आठवडे असे सिनेमे हेडफोनवर पाहा, नाहीतर सबवूफर बंद ठेवून आवाज बोलण्याच्या पातळीवर आणा. कुत्र्याच्या खोलीचं दार त्याला हवं तेव्हा जाता येईल असं उघडं असावं.

आवाजाची सवय लावायची असेल तर गडगडाटाचं छोटं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा. इतका हळू, की त्याचा फक्त कान हलेल, अंग नाही. आवाज आला की दोन सेकंदांत खाऊ. आवाज थांबला की खाऊ बंद. हा क्रम उलटा झाला तर सगळंच उलटतं: खाऊ आधी आला की पुढे पुडीच्या चुरचुरीनंच तो घाबरायला लागतो. एका बैठकीत असं पाच-सहा वेळा. सलग तीन दिवस तो आवाज ऐकून खाऊच्या आशेनं तुमच्याकडे पाहू लागला, तर आवाज एकाच पायरीनं वाढवा. घाबरून लपला तर त्याला बाहेर ओढू नका, पण तो जवळ आला तर शांतपणे जवळ घ्या. धीर दिल्यानं भीती वाढत नाही.

वाडगं, एकटेपण, शी-शू

जेवताना वाडग्यात हात घालून ‘सवय’ लावू नका, त्यातूनच वाडग्याची राखण सुरू होते. दोन मीटरवरून जाताना वाडग्याच्या दिशेनं जास्त चवदार काहीतरी टाका आणि न थांबता पुढे चालत राहा. तोंडातली वस्तू ओढून घेण्याऐवजी तिच्या बदल्यात दुसरी द्या.

एकटं राहणं सेकंदांपासून शिकवायचं: दाराबाहेर पाच सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं. फोनचा कॅमेरा लावून ठेवा. बेचैनी बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. लाळ गळणं, दार खरवडणं, सतत फेऱ्या मारणं दिसलं तर वेळ निम्मी करा.

शी-शूसाठी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि सुरुवातीला दर दोन तासांनी न्या. काम झाल्यावर तिथेच, लगेच खाऊ. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात आल्याबद्दलचा असतो. घरात झालं तर एन्झाइमवालं क्लीनर वापरा. अमोनियावालं नको, त्याचा वास लघवीसारखाच असतो.

बाहेरची मदत

कातडी फाटेल असा चावा, दोन दिवसांत अन्न नाही, स्वतःची शेपूट किंवा पाय कुरतडणं, किंवा महिनाभरात कणभरही फरक नसणं, यातलं काही असेल तर आधी पशुवैद्य आणि मग वर्तनतज्ज्ञ. काही कुत्र्यांना भीती कमी करणारी औषधं खरोखरच लागतात. ती दिल्यावरच शिकणं सुरू होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. प्रशिक्षक निवडताना एक प्रश्न नक्की विचारा: ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ उत्तरात शॉक कॉलर, काट्यांचा गळपट्टा, जमिनीवर दाबून धरणं किंवा ‘मालक कोण ते दाखवणं’ आलं, तर दुसरा प्रशिक्षक शोधा.