छोट्या सॉ मिलचा आराखडा पात्यापासून सुरू करावा

घरच्या लेथवर चालती छोटी सॉ मिल, म्हणजे ओंडके चिरणारी लहानशी गिरणी, तयार करताना बहुतेक जण ओंडक्याचे माप आधी ठरवतात, आणि मग त्या मापाला पुरणारे पाते बाजारात मिळत नाही. क्रम उलटा ठेवावा. दुकानात सहज मिळणारे, उदाहरणार्थ ८५ मिमी व्यासाचे व १५ मिमी भोकाचे पाते आधी विकत आणावे आणि पाते फिरवणारा शाफ्ट त्या भोकाला बेताचा बसेल असा खरादावा.

पाते धरणारे फ्लँज (गोल चकत्या) २५ मिमी व्यासाचे घेतले, तर पात्याच्या त्रिज्येतून फ्लँजची त्रिज्या जाऊन ४२.५ वजा १२.५ म्हणजे ३० मिमी उरतात. त्यातून गाडी (ओंडका घेऊन रुळांवरून पात्यापुढे सरकणारा भाग) व फ्लँज यांच्यामधील २ मिमी मोकळीक सोडली की कापाची खोली २८ मिमी मिळते, म्हणून ओंडका २५ मिमीहून जाड घेऊ नये.

खरी फसगत रुळांच्या लांबीत होते. ओंडका पात्याच्या अलीकडून सुटून पलीकडे पूर्ण बाहेर पडला पाहिजे. १५० मिमी ओंडक्यासाठी त्यात पात्याचे ८५ आणि दोन्ही टोकांना १०-१० मिमी मिळवले, तर गाडीची धाव २५५ मिमी होते. गाडीची स्वतःची लांबी १६० मिमी धरली, तर रूळ ४१५ मिमी लागतात. धातूला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्याची गाडी कापून, ती कागदावरील पूर्ण मापाच्या चित्रावर सरकवून पाहावी. माझी पहिली चौकट या एका कारणाने ९० मिमी आखूड झाली होती.

पात्यावर छापलेल्या कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडू नये, आणि पात्यावर झाकण बसवल्याशिवाय मोटर चालू करू नये.