ट्रान्सप्लांट युनिटला नवीन जॉइन होताय? मग इन्फेक्शनबद्दल हे वाचून जा

मी किडनी ट्रान्सप्लांट युनिटला स्टाफ नर्स म्हणून लागले, आता कोऑर्डिनेटरचं काम बघते. दरवर्षी नवीन पोरं-पोरी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई काय वाचू? पुस्तकात बॅक्टेरिया, व्हायरस, फंगस असे चॅप्टर असतात ते वाचाच, पण पेशंट काही चॅप्टरप्रमाणे ॲडमिट होत नाही. फाइल हातात आली की आधी ट्रान्सप्लांटची तारीख बघायची, मग गोळ्यांची यादी, आणि मग तक्रार. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पहिल्या महिन्यात जे होतं ते बहुतेक ऑपरेशनचं आणि हॉस्पिटलचं असतं, म्हणजे जखम, कॅथेटर, सेंट्रल लाइन, छाती. लघवीचं इन्फेक्शन तर किडनीवाल्यांमध्ये सगळ्यात कॉमन, त्यात आत डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) असतो, तो काढायची तारीख चुकली की ई. कोलाय नाहीतर क्लेबसिएला हजर, आणि आपल्याकडचे हे जंतू साध्या अँटिबायोटिकला जुमानत नाहीत म्हणून कल्चर पाठवल्याशिवाय पहिला डोस द्यायची घाई करू नका (पेशंटचं बीपी पडत असेल तर मात्र कल्चर घेऊन लगेच, तिथे वाट बघायची नाही). शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांमुळे साधारण दुसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत इम्युनिटी सगळ्यात दाबलेली असते, तेव्हा सीएमव्ही आणि बीके हे व्हायरस, पीसीपी (एका बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया), नोकार्डिया हा बॅक्टेरिया, फंगस ही मंडळी येतात. सहा महिन्यांनंतर ह्या औषधांचे डोस कमी झालेले असले की मग चारचौघांना होतं तेच होतं, फ्लू, न्यूमोनिया, पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, फक्त जरा जोरात. पण मध्येच रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) होऊन पल्स स्टेरॉइड (स्टेरॉइडचे मोठे डोस) किंवा एटीजी (इम्युनिटी जोरात दाबणारं इंजेक्शन) दिलं असेल तर मोजणी परत पहिल्यापासून. आणि टीबीला कुठलंच कॅलेंडर लागू नाही, आपल्या देशात तो कधीही येतो.

आता तापाचं. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, हे वाक्य ह्या वॉर्डात बोलायचं नाही. स्टेरॉइडमुळे बऱ्याचदा ताप चढतच नाही, पोटात पू असला तरी पोट दगडासारखं होत नाही. काका म्हणतात आज जेवण नको वाटतंय, आणि पल्स ११० आहे, एवढ्यावर डॉक्टरांना फोन करा, कोणी हसणार नाही. पीसीपी तर असा लबाड असतो की बेडवर बसलेल्या माणसाचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९६ दाखवतो, कोरडा खोकला आहे थोडासा एवढंच. ऑक्सिमीटर बोटाला तसाच ठेवून त्याला कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालवा आणि आकडा बघत राहा, ८८ वर आला की कळतं. सेप्ट्रानची गोळी हा पीसीपी टाळायलाच असते, ती पित्त होतं म्हणून पेशंट परस्पर बंद करतात, म्हणून प्रत्येक व्हिजिटला विचारायचं.

सीएमव्हीमध्ये ताप, पांढऱ्या पेशी कमी आणि जुलाब. गंमत अशी की सीएमव्हीसाठी देतात त्या व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरनेही पांढऱ्या पेशी कमी होतात, मग व्हायरस की गोळी हे पीसीआर (रक्तातला व्हायरस मोजायची टेस्ट) केल्याशिवाय सांगता येत नाही. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा कोर्स संपल्यावरच्या काही आठवड्यांत सीएमव्ही जास्त डोकं वर काढतो, तेव्हा गोळी संपली म्हणून निवांत व्हायचं नाही. बीके व्हायरसमध्ये बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही, नुसतं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) हळूहळू वाढतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत रक्ताचं पीसीआर करत राहतात. त्याच्यावर खात्रीचं औषध नाही, इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या कमी करणं हाच इलाज, आणि कमी केल्या की रिजेक्शनची टांगती तलवार. ह्या कामातली खरी ओढाताण ही आहे.

जुलाबाचा फोन तुम्हाला सगळ्यात जास्त येईल, "सिस्टर, ह्यांना कालपासून संडासला होतंय". कारणं भरपूर, बाहेरचं खाणं, सीएमव्ही, सी. डिफ (आतड्यातला एक जंतू), किंवा मायकोफेनोलेट ही इम्युनिटी दाबणारी गोळी स्वतःच. पण नवीन लोकांना माहीत नसतं की जुलाबात टॅक्रोची (टॅक्रोलिमस, रिजेक्शन टाळायची गोळी) रक्तातली लेव्हल वाढते, एकीकडे अंगातलं पाणी जातंय आणि दुसरीकडे टॅक्रो वाढतोय, दोन्हीचा मार किडनीवर. त्यामुळे फोनवर ओआरएस सांगून ठेवून देऊ नका, क्रिएटिनिन आणि टॅक्रो लेव्हल करायला बोलवा. आणि कुठलीही गोळी बंद करा असं आपल्या मनाने सांगायचं नाही.

औषधांचं असंच आहे. खोकला म्हणून गल्लीतल्या केमिस्टने क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, टॅक्रो वर. फंगसची औषधं, फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल, टॅक्रो वर. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू केलं की उलटं, टॅक्रो इतकी खाली जाते की डोस दुप्पट-तिप्पट करूनही पुरत नाही, म्हणून बरेच डॉक्टर रिफाब्युटिन घेतात किंवा रिफाम्पिसिनशिवायचा कोर्स बसवतात. आणि रिफाम्पिसिन बंद झाल्यावर वाढवलेला डोस परत खाली आणायचा असतो, ते फाइलवर लाल पेनने लिहून ठेवत जा. फळांमध्ये पपनस नको, गणपतीत घरोघरी असतंच, त्यानेही लेव्हल वाढते. लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. पेशंट गोळी घेऊन आला असेल तर रक्त घेऊ नका, दुसऱ्या दिवशी बोलवा, तो चिडेल, चिडू दे.

नागीण खूप दिसते. घरचे गेरू लावून बसतात, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं अजूनही सांगतात, आणि ॲसायक्लोव्हिर लवकर सुरू करायचे दोन-तीन दिवस त्यातच जातात. पेशंटला घरी पाठवतानाच सांगायचं की अंगावर पट्ट्यात पुरळ दिसलं तर फोटो काढून पाठवा. शुगर असलेल्या पेशंटचा एका बाजूचा गाल दुखतोय, नाकातून काळपट येतंय, तर म्युकर (काळी बुरशी) डोक्यात ठेवून त्याच दिवशी ईएनटीला दाखवायचं, उद्यावर नाही.

लसींचं थोडक्यात, ट्रान्सप्लांटनंतर जिवंत लसी नाहीत, म्हणजे कांजिण्या, एमएमआर वगैरे, जे काय द्यायचं ते आधी. फ्लूची दरवर्षी. घरात लहान बाळाला पोलिओचे डोस पाजले असतील तर त्याची लंगोट पेशंटने बदलायची नाही, हे आजी-आजोबांना नीट समजावून सांगावं लागतं.

तुमचंही आहेच. कांजिण्या होऊन गेल्यात की नाही हे जॉइन होतानाच सांगा, फ्लूची लस घ्या, आणि सर्दी-खोकला असेल तर इन्चार्ज सिस्टरना सांगून सरळ ड्युटी बदलून घ्या, मास्क लावून कसंतरी निभावते म्हणू नका.