लॅपटॉप हार्ड डिस्क दाखवत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

लॅपटॉप चालू केला आणि काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं की बहुतेक जण लगेच विंडोजचा पेनड्राइव्ह शोधायला लागतात. ही पहिली चूक. ड्राइव्ह दिसत नाही म्हणजे लॅपटॉपलाच दिसत नाहीये की फक्त विंडोजला दिसत नाहीये, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातली नेमकी कुठली हे कळल्याशिवाय काहीही करू नका.

ते कळतं बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये. चालू करताना डेल, एसर, आसुसला बहुतेक एफ२ आणि एचपीला एफ१० दाबायचं, आत स्टोरेजच्या माहितीत ड्राइव्हचा मॉडेल नंबर दिसतोय का बघायचं. दिसला तर ड्राइव्ह निदान जिवंत आहे, भानगड बहुधा विंडोजच्या बाजूला आहे. नाही दिसला तर केबल, स्लॉट नाहीतर ड्राइव्ह स्वतः, आणि मग विंडोज दहा वेळा टाकून बघितलं तरी काही उपयोग नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. जुना ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून डिस्क मॅनेजमेंट (विंडोजमधलं ड्राइव्ह आणि त्यांचे भाग दाखवणारं टूल) उघडलं की कधीकधी विंडोज स्वतःहून विचारतं, डिस्क इनिशियलाइज करायची का, किंवा ड्राइव्हवर क्लिक केलं की म्हणतं आधी फॉरमॅट करा. नवा कोरा ड्राइव्ह असेल तर बिनधास्त हो म्हणा, ड्राइव्हचे भाग (पार्टिशन) नोंदवायची जीपीटी पद्धत निवडा (जुनी एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही), व्हॉल्यूम बनवा, काम झालं. पण ज्यात डेटा आहे त्या ड्राइव्हला हा प्रश्न आला तर कॅन्सल, दुसरं काही नाही. माझ्या मामेभावाने हेच केलं नाही. दुकानाचा सगळा टॅलीचा डेटा त्या एसएसडीवर (फिरत्या चकतीऐवजी चिपवाला ड्राइव्ह), त्याने आधी इनिशियलाइज केलं, इथपर्यंत तरी ठीक होतं कारण त्यात फक्त पार्टिशनचा तक्ता बदलतो आणि टेस्टडिस्कसारख्या फुकट टूलने तो पुष्कळदा परत मिळतो, पण मग त्याने क्विक फॉरमॅट मारला. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही आशा असते, एसएसडीवर विंडोज ट्रिमची, म्हणजे 'ही जागा आता नको' अशी, कमांड पाठवतं आणि ड्राइव्ह आतल्या आत ती जागा साफ करून टाकतो. सीएकडे मार्चपर्यंतचा बॅकअप होता म्हणून निभावलं, पुढच्या चार महिन्यांची बिलं वहिनीने रात्री बसून एकेक करून परत टाकली. मला अजून वाईट वाटतं की त्याने फॉरमॅटच्या आधी एक फोन केला असता तर!

कधी कधी तर ड्राइव्ह ठणठणीत असतो, फक्त त्याला अक्षर मिळालेलं नसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन दिसतंय पण धिस पीसीमध्ये नाही, असं असेल तर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या. ऑफलाइन लिहिलं असेल तर ऑनलाइन करा. बस.

विंडोज टाकताना ड्राइव्हची यादीच रिकामी येते ती वेगळी गोष्ट. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची बायॉसमधली, ड्राइव्ह इंटेलच्या कंट्रोलरमागे ठेवणारी सेटिंग चालू असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसला तर त्याला ड्राइव्ह दिसतच नाही. लोकांना वाटतं एसएसडी गेली, आणि चांगली एसएसडी बदलतात. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पेजवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, फाइल एक्स्ट्रॅक्ट करून पेनड्राइव्हवर टाका, आणि इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर' करा. व्हीएमडी बंद केलं तरी ड्राइव्ह दिसतो हे खरं, पण आधीपासून चालणारं विंडोज असेल तर नुसतं असं बंद करू नका, बायॉसमधला स्टोरेजचा मोड रेडचा एएचसीआय पण करू नका, कारण मग निळी स्क्रीन येते, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. आली तर घाबरून फॉरमॅट नको, सेटिंग होती तशी परत करा, विंडोज सुरू होतं. आणि बिटलॉकर (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायॉसमध्ये हात घालायच्या आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून ठेवा, ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. बऱ्याच जणांना बिटलॉकर चालू आहे हेच माहीत नसतं.

नवीन एसएसडी टाकलीय आणि दिसत नाहीये? एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, आत साटा (जुनी, हळू जोडणी) असू शकतं नाहीतर एनव्हीएमई (नवी, वेगवान), आणि काही लॅपटॉपचा स्लॉट दोघांपैकी एकच घेतो. खाचा बघून ओळखायला जाऊ नका, दोन खाचा म्हणजे साटा असं म्हणतात पण दोन खाचांच्या एनव्हीएमई पण असतात, त्यामुळे लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये नक्की काय चालतं ते वाचूनच घ्या. लांबी पण बघा, २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. बसवताना तिरकी घालून पूर्ण आत सरकवायची, मग दाबून स्क्रू लावायचा, अर्धवट बसलेली एसएसडी हे न दिसण्याचं खूप कॉमन कारण आहे. काढताना घालताना लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि बॅटरीचा कनेक्टर सुटा. बाहेरून तपासायला एन्क्लोजर (ड्राइव्ह यूएसबीने लावायचा डबा) आणलं तर ते पण त्याच प्रकारचं हवं.

२.५ इंची ड्राइव्हवाल्या जुन्या लॅपटॉपमध्ये पातळ रिबन केबल असते, लॅपटॉप पडला किंवा कोणी उघडून बंद केला की ती सैल होते नाहीतर दुमडून तुटते. यूएसबी-साटा केबलने ड्राइव्ह दुसरीकडे लावून बघा, तिथे चालला तर बदलायची ती केबल, ड्राइव्ह नाही.

हार्ड डिस्क टक टक आवाज करत असेल तर मात्र लगेच बंद करा. चेकडिस्क चालवू नका! ते फाइल सिस्टिम दुरुस्त करायला आहे, मरत्या डिस्कमधून डेटा काढायला नाही, आणि तासन् तास चालून उरलेला जीव पण घालवतं. आवाज नाही पण खूप स्लो झालीय, मधेच गायब होतेय, अशी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट टूलमध्ये ०५, सी५ आणि सी६ या डिस्कवरची खराब जागा मोजणाऱ्या ओळींचे रॉ आकडे बघा, सी५ वाढत चालला असेल तर आधी महत्त्वाच्या फाइल कॉपी करा, बाकी सगळं नंतर. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय नको, आत पाणी धरतं. उघडून तर अजिबात बघू नका, धुळीचा एक कण पुरतो.

आणि दुकानात द्यायचीच वेळ आली तर पहिलं वाक्य 'डेटा पाहिजे, फॉरमॅट करू नका' हे असू दे आणि ते पावतीवर लिहून घ्या. स्पष्ट सांगितलं नाही तर नवीन विंडोज टाकून लॅपटॉप हातात मिळू शकतो. ड्राइव्ह बदलला तर जुना ड्राइव्ह पण मागून घ्या, तुमचे फोटो आणि कागदपत्रं अजून त्याच्यावरच असतात.