कपाटामागची भिंत बघून घ्या

इंग्लंडात पहिलं भाड्याचं घर बघताना आपण स्टेशन किती लांब, शाळा कुठली एवढंच विचारतो. कपाट ओढून मागची भिंत मात्र कुणी बघत नाही. आम्हीही बघितली नव्हती.

लेक चार वर्षांची होती. नोव्हेंबर लागला आणि तिला रात्रीचा खोकला सुरू झाला. सुंठ-मध झालं, वाफ झाली. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस लेस्टरला नातेवाइकांकडे राहिलो, तिथे तिसऱ्या रात्री ती शांत झोपली. घरी परतलो त्याच रात्री पुन्हा खोकला. तेव्हा कुठे तिच्या पलंगाशेजारचं कपाट ओढलं. भिंतीवर काळ्या ठिपक्यांचा थर, कपाटाच्या पाठीला करडी लव, आणि पावसाळ्यात बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसा कुबट वास.

बुरशी आपल्याला नवी नाही. कोकणात पावसाळ्यात चपलांवरही येते. पण तिकडे खिडक्या उघड्या असतात, पंखा फिरत असतो आणि ऑक्टोबरचं ऊन सगळं खडखडीत वाळवतं. इथे ऑक्टोबरातच खिडक्या बंद होतात. कुकरची, आंघोळीची वाफ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, हे सगळं पाणी घरातच फिरतं आणि सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसतं. तिथे बुरशी धरते. तिचे बीजाणू श्वासावाटे आत गेले की शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, अंगावर पुरळ. दमा असेल तर धाप. तान्ही मुलं आणि वयस्कर माणसं यांना त्रास जास्त. म्हणून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना मागची गार, ओलसर खोली देऊ नका.

जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, गेलात की नुसतं 'खोकला आहे' म्हणू नका. घरात बुरशी आहे आणि घराबाहेर राहिलं की आराम पडतो, हे आपणहून सांगा. घरी करायच्या चाचणीच्या किटवर पैसे घालवू नका. डोळ्यांना दिसतेय, वास येतोय, तेवढं पुरे. डागावर रंग मारून उपयोग नाही, ओल राहिली की बुरशी परत येते.

आता मालकाबद्दल. आम्हाला उत्तर मिळालं, 'तुम्ही स्वयंपाक फार करता.' मी खाली मान घातली. तुम्ही घालू नका. रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा आजार होऊन, असं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, २०२२ मध्ये नोंदवलं. वडील २०१७ पासून तक्रार करत होते, आणि घर देणाऱ्या संस्थेने दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला होता. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगला, म्हणजे पालिका किंवा संस्था कमी भाड्याने देतात त्या घरांना, लागू झाला: ओल-बुरशीचा गंभीर धोका कळल्यापासून कामाच्या १० दिवसांत तपासणी झालीच पाहिजे. आपण बहुतेक जण खासगी मालकाकडे राहतो. तिथेही घर राहण्यायोग्य ठेवणं २०१८ च्या कायद्याने मालकावरच आहे.

वाफ बाहेर काढायचं काम आपलं: स्वयंपाक करताना एक्स्ट्रॅक्टर (वाफ बाहेर ओढणारा पंखा) चालू, आंघोळीनंतर खिडकी उघडी, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. पण गळका पाइप, बिघडलेला पंखा, पाणी झिरपणारी भिंत ही कामं मालकाची. त्यासाठी फोन करू नका, फोटो जोडून ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. हालचाल नाही झाली तर तोच ईमेल काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाला पाठवा. आमच्या भिंतीकडे बघायला माणूस आला तो त्यानंतरच.