बँकॉक ते चियांग माई, पोरांसोबत रात्रीच्या ट्रेनने

पहिलं म्हणजे स्टेशन नीट बघा, जुनं हुआ लाम्फोंग नाही, जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या क्रुंग थेप अफिवात वरून सुटतात, मेट्रो थेट तिथंच जाते. अंतर साधारण 750 किमी, संध्याकाळी बसलात की सकाळी पोचता.

चौघं असाल तर सेकंड क्लास एसी स्लीपर मस्त. सगळे बर्थ आपल्या साइड लोअर-साइड अपरसारखे, म्हणून पॅसेजच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या जोड्या घ्या, म्हणजे अख्खं कुटुंब एकत्र. लोअर थोडा महाग पण रुंद आहे आणि खिडकी त्यालाच, लहान पोराला कुशीत घेऊन आरामात झोपता येतं, अपरवर मात्र पोरांना एकटं झोपवू नकाच!

अटेंडंट येऊन सीट ओढून गादी, पांढरी चादर, उशी लावतो, पडदा अडकवतो, आमची पोरगी तर डोळे विस्फारून बघतच बसली. एसी भयंकर गार, दिवे रात्रभर चालू, त्यामुळे कानटोपी, मोजे, डोळ्यावर बांधायला ओढणी हवीच. खायला थेपले-चटणी घरूनच न्या. गाडीत दारूला बंदी आहे, त्यामुळे रात्र शांत जाते.