इंडियाना जोन्सचं जॅकेट: नवं चामडं जुनं करताना या चुका टाळा

इंडियाना जोन्स म्हणजे हॉलिवूडच्या सिनेमांतला साहसी पुरातत्त्वज्ञ, आणि वेशभूषेच्या कार्यक्रमांत त्याचं सोंग अनेकजण घेतात. डोक्यावर तपकिरी फेडोरा हॅट, कमरेला चाबूक, बाजूला पिशवी. सगळं जागच्या जागी असतं, आणि तरीही इंडियाना जोन्स झालेला माणूस नुकताच शोरूममधून बाहेर पडल्यासारखा दिसतो. अंगातलं जॅकेट कोरं करकरीत असतं, एवढंच त्याचं कारण. मग कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पॉलिश पेपर आणून ते घासलं जातं आणि सकाळी हातात उरतं ठिकठिकाणी पांढरं पडलेलं चामडं. चांगलं कातडं असं वाया गेलेलं मला बघवत नाही.

१९८१ साली आलेल्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या इंडियाना जोन्सच्या पहिल्या सिनेमाची वेशभूषा देबोरा नॅडूलमन यांची. नवी जॅकेटं जुनी दिसावीत म्हणून त्यांनी तारेचा ब्रश आणि खुद्द इंडियाना जोन्स साकारणाऱ्या हॅरिसन फोर्डचा खिशातला चाकू वापरला, हा किस्सा त्यांनीच सांगितलेला आहे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात फक्त ब्रश आणि चाकू राहतो. पण हात कुठे चालवायचा आणि कुठे आवरायचा हे वेशभूषाकाराला पक्कं ठाऊक असतं, शिवाय शूटिंगसाठी एकाच पोशाखाचे अनेक नग हाताशी असतात. तुमच्याकडे एकच आहे. म्हणून ब्रश सगळ्यात शेवटी.

कातडं न ओळखता सुरुवात करणं

लेदर म्हणून विकली जाणारी बरीच जॅकेटं रेक्झिनची असतात, म्हणजे कापडावर पीयू किंवा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा थर. ती घासली की झीज दिसत नाही, खालचं विणलेलं कापड दिसतं आणि थराचे पापुद्रे सुटू लागतात. त्यावर मग इलाज नाही. खिशाच्या आत किंवा अस्तराच्या शिवणीपाशी कापलेली कड शोधा. खऱ्या कातड्याची कड तंतूतंतूंची असते. रेक्झिनमध्ये कापड आणि वरचा थर असे दोन पदर वेगळे कळतात. पाण्याचा थेंब टाकून बघण्याच्या परीक्षेवर विसंबू नका. खऱ्या कातड्यावरही रंगाचा जाड थर असला तर थेंब तसाच बसून राहतो. रेक्झिन निघालं तर घासूच नका. गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून शिवणींत आणि घड्यांत भरा, लगेच पुसा, वरून धूळ द्या (कशी ते शेवटी सांगितलंय). चार हातांवरून ते पुरेसं छान दिसतं.

कातडं खरं निघालं तरी रंग किती खोल गेलाय ते बघायचं. जॅकेटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमने कमावलेलं असतं. कमावल्यावर ते निळसर-करडं होतं आणि रंग नंतर चढतो. हा रंग आरपार पोचलेला नसेल तर घासल्यावर तपकिरी झीज येण्याऐवजी करडे चट्टे उघडे पडतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं आतूनही तपकिरीच असतं, म्हणून ती कितीही झिजली तरी तिची झीज नैसर्गिक वाटते. जॅकेटचा आतला रंग कापलेल्या कडेवर दिसतोच, तरी कॉलरच्या खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा घासून खात्री करा. करडं दिसलं तर पुढे जाऊ नका असं नाही. पण घासणी कमी ठेवायची आणि कातड्याचा रंग आधीच आणून ठेवायचा, हे तिथंच ठरवून टाका.

सगळीकडे सारखं घासणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात महाग पडते. खरं जॅकेट सगळीकडे सारखं झिजत नाही. ते घालणाऱ्याच्या सवयीप्रमाणे झिजतं.

म्हणून ते अंगात घाला. आत तोच शर्ट, कमरेला तोच पट्टा. बसा, हात वर करा, खिशात हात घाला, भिंतीला टेका. दुसऱ्या कुणाला तरी शिंप्याचा खडू देऊन जिथे घर्षण होतं तिथे खुणा करायला सांगा. खुणा येतील त्या कोपरावर, बाहीच्या काठावर, खिशाच्या झाकणाच्या खालच्या कडेवर, कॉलर दुमडते त्या रेघेवर, खांद्याच्या शिवणीवर, चेनवरच्या पट्टीच्या काठावर आणि खालच्या घेराला. उजव्या हाताने काम करणाऱ्याची उजवी बाही डावीपेक्षा जास्त झिजलेली हवी. दोन्ही कोपरांवर एकाच मापाचे गोल चट्टे दिसले की ते मुद्दाम पाडलेत हे पोरालाही कळतं.

आता जिथे खूण नाही, तिथे हात लावायचा नाही. काखेत, कॉलरच्या खाली, खिशाच्या झाकणाआड मूळ गडद रंग तसाच राहू द्या. शेजारी गडद कातडं असतं म्हणूनच उजळलेली कड झिजल्यासारखी वाटते.

या जॅकेटच्या पाठीवर दोन्ही खांद्यांमागे एकेक चुण असते. हात पुढे नेला की ती उघडते, म्हणजे चाबूक ओढताना पाठ आवळत नाही. चुणीची बाहेरची घडी घासा, आतली बाजू अजिबात नको. मग हात पुढे गेल्यावर घासलेल्या कातड्यामधून अचानक गडद पट्टा उघडा पडतो आणि जॅकेट खरंच वापरलेलं आहे यावर बघणाऱ्याचा विश्वास बसतो. माझ्या मते संपूर्ण जॅकेटवरची ही सगळ्यात मोलाची जागा आहे, आणि तिथेच लोक घाई करतात.

पिशवीच्या पट्ट्याचंही तसंच. छातीवरून तिरका पट्टा घासून काढलेली जॅकेटं हमखास दिसतात. ‘रेडर्स’मध्ये तो पट्टा जॅकेटच्या आतून, शर्टावरून जातो. तेव्हा छातीवर त्याची खूण नको. पिशवी लागते तिथे, म्हणजे कमरेपाशी, थोडी झीज बरोबर.

सुरकुत्या पडायच्या आधी रंग काढणं

आधी आकार, मग रंग. जॅकेट सपाट टेबलावर पसरून घासलं तर झीज सपाटच येते. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला आणि कमरेपाशी कोमट पाण्याचा हलका फवारा मारा, जॅकेट अंगात घाला आणि हात दुमडून रोजची कामं करा. खिशांत गोटे भरून रात्रभर टांगून ठेवलं की खिसे खाली ओघळतात. सुरकुत्या बसल्या की त्यांचे उंचवटे घासायचे, खळगे सोडायचे.

इथे घात होतो तो वाळवताना. ओलं जॅकेट उन्हात टाकू नका, हेअर ड्रायर लावू नका, इस्त्री तर नकोच. ओल्या कातड्याला उष्णता लागली की त्यातले तंतू आखडतात, कातडं कडक होतं आणि मापही कमी होतं. एकदा आखडलेलं कातडं पूर्ववत होत नाही. वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याचा सल्लाही कुणी कुणी देतं. तो कानाआड करा. सावलीत, पंख्याखाली, जाड हँगरवर वाळू द्या.

घासताना

४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करा. २२० फक्त काठांना आणि कोपरांना, तेही शेवटी. त्याहून खरखरीत, म्हणजे कमी नंबरचा, कागद रंगासोबत कातड्याचा वरचा थरही ओरबाडतो आणि ती जागा सुएडसारखी केसाळ दिसू लागते. तसं झालंच तर ६०० च्या कागदाने ती हळू हळू बसवा आणि थोडं मेण चोळा. हात गोल फिरवू नका, हालचालीच्या दिशेने चालवा. शिवणीवर दाब कमी ठेवा. पहिला तुटतो तो दोरा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी बाही खांद्यापासून उसवते. तारेचा ब्रश शेवटी, चार-सहा ठिकाणी, ओरखडे पाडण्यापुरता. कात्रीने किंवा चाकूने सरळ काप देऊ नका, कातडं सहसा असं सरळ रेघेत फाटत नाही.

घासताना नाकातोंडाला मास्क लावा. ती धूळ रंगाची आणि कमावण्याच्या रसायनांची असते.

स्पिरिट आणि अ‍ॅसिटोन

वरचा चकचकीत थर उतरवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन कामी येतं. चूक होते ती थेट बाटलीतून ओतण्याची. डाग पडतो, त्याला कडक काठ येतो आणि तो काठ कशानेही लपत नाही. सुती फडक्यावर थोडंसं घ्या, कडेकडून आत पुसत या, थांबा, वाळल्यावर बघा. ओलं असताना रंग जास्त गडद दिसतो, त्यामुळे अंदाज चुकतो. अल्कोहोलने थर हलला नाही तरच अ‍ॅसिटोन.

अस्तराकडे लक्ष ठेवा. काही जॅकेटांना अ‍ॅसिटेटचं अस्तर असतं आणि अ‍ॅसिटोनमध्ये अ‍ॅसिटेट विरघळतं. बाहीच्या काठावर काम करताना आत प्लॅस्टिकची पिशवी कोंबा. खिडक्या उघड्या, गॅस बंद, उदबत्ती विझलेली. दोन्ही द्रव्यं भडकन पेटतात, आणि धुळीचा मास्क त्यांची वाफ अडवत नाही.

करडं-पांढरं पडलं, आता काय?

बूट पॉलिश थापू नका. ते शर्टाच्या कॉलरला आणि गाडीच्या सीटला लागत राहतं. कातड्याचा तपकिरी रंग अर्ध्याहून पातळ करून स्पंजाने दोन-तीन हात द्या. पूर्ण झाकू नका, उजळ-गडद फरक थोडा राहू द्या. वाळल्यावर कोरडं पांढरं फडकं घासून बघा. फडक्यावर रंग येतोय तोवर पुसत राहा, मग कातड्याच्या फिनिशचा, म्हणजे रंगावर बसणाऱ्या पारदर्शक थराचा, एक पातळ हात.

स्पिरिटने कातड्यातलं तेल निघून जातं, त्यामुळे नंतर लेदर कंडिशनर लागतंच. घरात आहे म्हणून खोबरेल तेल चोळू नका. थंडीत ते थिजून शिवणींत पांढरट दिसतं आणि कालांतराने खवट वास सुटतो. कोणत्याही तेलाने कातडं गडद होतं, तेव्हा केलेली झीज थोडी बुजणार हे धरून चाला. कंडिशनर दिल्यावर एक दिवस थांबा, मग धूळ.

धूळ

सिनेमाच्या पोशाखांना धूळ देण्यासाठी जगभर वापरतात ती मुलतानी माती. किराणा दुकानात मिळते. बारीक, कोरडी, चाळलेली घ्या, हवी तर चिमूटभर गेरू मिसळा. जुन्या मोज्यात भरून मोजा शिवणींवर, खांद्यांवर, घेरावर थोपटा आणि हाताने झटका. जे घड्यांत उरेल तेच खरं. अंगणातली माती नको, तिच्यातले खडे कातडं ओरखडतात आणि ओलाव्याने बुरशी येते. टाल्कम पावडर दिव्यांखाली पांढरी फटक दिसते.

पावसाळ्यात हे जॅकेट प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका. सुती चादरीत गुंडाळून, हवा खेळेल अशा जागी टांगा आणि अधूनमधून बाहेर काढा. बुरशीचे ठिपके दिसले तर घराबाहेर नेऊन, मास्क लावून कोरड्या फडक्याने पुसा. मग पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेलं फडकं फिरवा आणि सावलीत वाळू द्या. धूळ पुन्हा द्यावी लागेल. तोवर मुलतानी मातीचा मोजा डब्यात जपून ठेवा.