ब्रिटनमध्ये जुनी बाईक घेताय? आधी नंबर टाकून बघा

शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये आलेल्यांना जुनी बाईक घेताना एकच धास्ती असते: विकणारा सांगतोय ते खरं की खोटं?

बघायला जाण्याआधीच गाडीचा नंबर मागून घ्या आणि सरकारच्या गव्ह डॉट यूके साइटवर तिचा एमओटीचा (गाडी रस्त्यावर चालवायच्या लायक आहे का, याची दर वर्षीची सक्तीची तपासणी) इतिहास फुकट बघा. दर वर्षीच्या तपासणीचं किलोमीटर नव्हे, मैलांचं रीडिंग तिथे असतं. ते मध्येच कमी झालेलं दिसलं तर त्या गाडीचा नाद सोडा. 'चेन झिजली', 'फोर्क सीलमधून तेल गळतंय' असे शेरेही सापडतात. भाव करायला याहून चांगलं काही नाही. (तीन वर्षांच्या आतल्या गाडीला एमओटी लागत नाही, त्यामुळे इतिहास नसेल.)

मग:
१. प्रत्यक्ष गेल्यावर फ्रेमवरचा नंबर व्ही५सी लॉगबुकशी (गाडीचं नोंदणीपत्र) जुळवा.
२. पैसे देताना मालकाला तिथेच, तुमच्यासमोर, डीव्हीएलएच्या (गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) साइटवर गाडी तुमच्या नावावर करायला सांगा. तुमचा ईमेल टाकायला लावा, पोच येते.
३. लॉगबुकमधली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. तिच्यावरच्या नंबराने लगेच टॅक्स भरता येतो.

जुन्या मालकाचा टॅक्स आणि विमा तुम्हाला चालत नाही. दोन्ही तुमच्या नावावर झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. आणि लॉगबुक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून सही केलेली पावती वेगळी घ्याच.